खुल्या बोअरमध्ये फायबर सोडून भूजलाचा वेग मोजता येतो का?

प्रश्न थोडक्यात असा आहे. कठीण खडकात १५० मीटर खोल आणि १५० मिलिमीटर व्यासाचा बोअर आहे. वरच्या २० मीटरला केसिंग आहे, खाली सगळा खुला. त्यात फायबर केबल (आतल्या काचेच्या तंतूने लांबीभर तापमान मोजणारी) सोडून दोन दिवस तापमान नोंदवलं. ३५ ते ९० मीटरच्या पट्ट्यात आलेख जवळजवळ उभा सरळ येतो, खोलीबरोबर तापमान बदलतच नाही. मग या पट्ट्यात प्रवाह नाही असं धरायचं का? केबल तापवून मोजायचं ठरवलं तर किती वॅट आणि किती वेळ? आणि शेवटी हवा आहे तो खडकातून वाहणाऱ्या पाण्याचा वेग.

आलेखापासून सुरुवात करतो, कारण त्याचा अर्थ तुम्ही लावलाय त्याच्या बरोबर उलटा आहे. पाणी स्थिर असतं तर तापमान खोलीबरोबर वाढलंच असतं. पृथ्वीच्या अंतर्गत उष्णतेमुळे सर्वसाधारणपणे दर किलोमीटरला २५ ते ३० अंश सेल्सिअस वाढ होते. म्हणजे ३५ पासून ९० मीटरपर्यंत जाताना साधारण १.४ ते १.६ अंशांचा फरक दिसायला हवा. तो दिसत नाही याचा अर्थ त्या पट्ट्यात पाणी बोअरच्या आतूनच वर किंवा खाली वाहतंय, आणि ते इतक्या जोरात की वाटेत शेजारच्या खडकाचं तापमान घ्यायला त्याला सवड मिळत नाही. एका टोकाला पाणी भेगेतून आत येतंय, दुसऱ्या टोकाला दुसऱ्या भेगेत शिरतंय. तुमच्या बोअरमधला सगळ्यात जास्त वाहता भाग तोच आहे.

दिशाही त्याच आलेखात लपलेली आहे. ९० मीटरच्या खाली जिथे तापमान नेहमीच्या दराने वाढतंय तिथली रेषा वर वाढवून पाहा. ती रेषा म्हणजे खडकाचं न बिघडलेलं तापमान. सरळ पट्ट्यातलं तापमान त्या रेषेवरच्या ९० मीटरच्या आकड्याशी जुळलं तर पाणी खालून वर चढतंय. ३५ मीटरच्या आकड्याशी जुळलं तर वरून खाली उतरतंय.

तुम्ही ‘जवळजवळ’ सरळ असं लिहिलंय, त्या ‘जवळजवळ’मध्येही बरंच काही असू शकतं. आलेखाचा तापमानाचा अक्ष ताणून अर्ध्या अंशाचा करा आणि पायऱ्या शोधा. समजा ९० मीटरवरून २६.४० अंशांचं पाणी वर येतंय आणि ६० मीटरला ते एकदम २६.१५ होतं. तिथल्या खडकाचं मूळ तापमान २५.६५ आहे. म्हणजे ६० मीटरच्या भेगेतून थंड पाणी येऊन मिसळलं. साध्या उष्णतेच्या हिशोबाने, ०.२५ भागिले ०.७५, वरच्या एकूण प्रवाहाचा एक तृतीयांश भाग त्या भेगेतून आला. पायरी मोजताना ०.०५ अंशाची चूक झाली तरी हे उत्तर २७ ते ४० टक्क्यांमध्ये हेलकावतं. म्हणून इथे अचूकतेचा आग्रह हौसेखातर धरायचा नसतो. आणि हे प्रमाण आहे, लिटर नव्हेत. लिटर हवे असतील तर त्या पट्ट्यात एका तरी खोलीवर प्रवाह वेगळ्या पद्धतीने मोजावा लागेल.

आता मुख्य मुद्दा. बोअरमधला हा उभा प्रवाह तुम्हीच तयार केलेला आहे. वेगवेगळ्या खोलीवरच्या भेगांमध्ये पाण्याचा दाब वेगवेगळा असतो. खडक अखंड होता तेव्हा त्या भेगा एकमेकींना जवळजवळ जोडलेल्या नव्हत्या. बोअर मारला आणि १५० मिलिमीटरचा मोकळा रस्ता मिळाला. जास्त दाबाच्या भेगेतलं पाणी कमी दाबाच्या भेगेकडे धावायला लागलं. हे मोजमाप निरुपयोगी नाही. कोणत्या भेगा उघड्या आहेत, कुठे दाब जास्त आहे, दूषित पाणी एका थरातून दुसऱ्यात शिरतंय का, हे सगळं त्यातून कळतं. पण तुम्हाला हवा आहे तो, बोअर नसतानाही खडकातून आडवा वाहत असलेल्या पाण्याचा वेग. खुल्या बोअरमध्ये तो उभ्या प्रवाहाखाली बुडून जातो. केबल कितीही महाग घ्या, वॅट कितीही वाढवा, हा गुंता सुटत नाही. तो सोडवायचा तर बोअर बंद करावा लागतो.

कॅनडातल्या ग्वेल्फ विद्यापीठाच्या संशोधकांनी भेगाळ खडकात नेमकं हेच केलं. बोअरमध्ये लवचिक लायनर, म्हणजे भिंतीला चिकटणारं नळीसारखं अस्तर, बसवून उभा प्रवाह थांबवला आणि मग तापमान घेतलं. खुल्या स्थितीत मोजक्याच भेगा वाहत्या दिसतात, आणि बंद केल्यावर एरवी न दिसणाऱ्या अनेक भेगांची खूण उमटते. कारण खुल्या बोअरमध्ये दोन-तीन जोरदार भेगा बाकीच्यांचं तापमान पुसून टाकतात. माझ्या मते या विषयात गेल्या काही दशकांत झालेलं सगळ्यात महत्त्वाचं काम ते हेच, उपकरणांची प्रगती त्यानंतर येते.

उपकरणाबद्दल थोडंच सांगतो. लेझरचा स्पंद काचेच्या तंतूत सोडला की प्रकाशाचा अगदी थोडा अंश वाटेत प्रत्येक ठिकाणाहून मागे फिरतो. त्यात रामन परिणामामुळे तरंगलांबी बदललेले दोन घटक असतात. त्यांपैकी अँटी-स्टोक्स घटक तापमानाला चांगलाच संवेदनशील असतो, स्टोक्स घटक फारच कमी. दोघांच्या गुणोत्तरावरून तापमान मिळतं, आणि प्रकाश परत यायला लागलेल्या वेळेवरून ठिकाण. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी हा परिणाम १९२८ मध्ये दाखवला. तंतूभर तापमान मोजण्यासाठी अर्धवाहक लेझर वापरून त्याचा प्रयोग १९८५ मध्ये झाला. जलविज्ञानात हे तंत्र खऱ्या अर्थाने रुळलं ते २००६ च्या सुमारास, जलशास्त्रज्ञ जॉन सेल्कर आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे. १० नॅनोसेकंदांच्या स्पंदाने साधारण १ मीटरचा तपशील दिसतो. १ मिलिमीटरची भेग वेगळी दिसणार नाही, तिचा परिणाम मीटरभर अंतरात वाटला जाऊन दिसेल. जास्त बारकावा हवा असेल तर फायबर नळीभोवती गुंडाळतात. ५० मिलिमीटर व्यासाच्या नळीवर १ सेंटिमीटरच्या अंतराने वेढे दिले तर नळीच्या प्रत्येक मीटरवर जवळपास १६ मीटर फायबर बसतो, आणि १ मीटरचा तपशील ६ सेंटिमीटरवर येतो. पण अशी गुंडाळी खोल बोअरमध्ये उतरवणं जिकिरीचं असतं. तुमच्या कामाला ती सुचवणार नाही.

एका मिनिटाच्या नोंदीत ०.२ अंशाची थरथर असेल तर १०० मिनिटांच्या सरासरीत ती ०.०२ वर येते. मात्र हे फक्त यादृच्छिक थरथरीबद्दल खरं आहे. कॅलिब्रेशनची, म्हणजे उपकरणाचे आकडे माहीत असलेल्या तापमानाशी जुळवून घेण्यातली, चूक सरासरीने जात नाही, ती तशीच बसून राहते. आणि बहुतेक निकाल बिघडतात ते इथेच.

कॅलिब्रेशनसाठी झाकण असलेल्या दोन उष्णतारोधक पेट्या घ्या. एकीत बर्फ आणि पाणी, दुसरीत कोमट पाणी. केबल बोअरमध्ये जाण्याआधी तिची निदान १० मीटरची सैल गुंडाळी प्रत्येक पेटीत पूर्ण बुडवा. गुंडाळी घट्ट नको, तीव्र वाकणाने प्रकाश वाया जातो आणि तापमान खोटं दिसतं. प्रत्येक पेटीत एक चांगला प्लॅटिनम सेन्सर आणि पाणी सतत हलवणारा छोटा पंप हवाच. बर्फाची पेटी न ढवळता ठेवली तर वर तरंगणाऱ्या बर्फाजवळ ० अंश असतं, आणि तळाशी ४ अंशांच्या आसपासचं पाणी बसतं, कारण पाणी ४ अंशांना सगळ्यात जड असतं. गुंडाळीचा खालचा अर्धा भाग ४ अंशांवर, सेन्सर वर ० अंशावर, आणि आपण ०.०५ अंशाच्या पायऱ्या शोधतोय. पंप बंद पडलेला असेल तर त्या दिवसाची नोंद वापरू नका.

बोअरच्या तळाशी फायबर वळवून वर आणलेला असेल अशीच केबल घ्या. मग प्रत्येक खोली दोनदा मोजली जाते, उतरताना एकदा आणि चढताना एकदा. दोन्ही आकडे जुळले पाहिजेत. जुळत नसतील तर एखादा जोड किंवा दाबलेली जागा गोंधळ घालतेय, तिथे प्रकाशाच्या तीव्रतेत पायरी दिसेल. या वळणामुळे खोलीही पक्की होते. केबलच्या आवरणात फायबर थोडा जास्त लांबीचा ठेवलेला असतो, त्यामुळे उपकरण दाखवतं ते फायबरचे मीटर आणि बोअरची खोली तंतोतंत एक नसतात. बोअरच्या तोंडाशी केबलवर बर्फाची पिशवी काही मिनिटं बांधा. त्या खुणेचं ठिकाण आणि तळाच्या वळणाचं ठिकाण मिळालं की मधली खोली प्रमाणात वाटता येते. भेगेची खोली अर्धा मीटर चुकली तर बोअरच्या कॅमेऱ्यातल्या चित्राशी ती कधीच जुळणार नाही.

आता तापवण्याबद्दल. खुल्या बोअरमध्येही केबल तापवून उपयोग होतो, फक्त त्यातून मिळतो तो उभा वेग. तापलेल्या केबलवरून पाणी जितक्या जोरात जातं तितकी ती थंड राहते. तापवलेल्या आणि न तापवलेल्या केबलमधला फरक खोलीनुसार पाहिला की प्रवाह कुठे वाढतो, कुठे घटतो ते दिसतं. फ्रान्समधल्या ब्रिटनीत प्लोमर इथल्या भेगाळ ग्रॅनाइटच्या प्रायोगिक क्षेत्रात ही पद्धत चांगली तपासली गेली आहे. दुसरी पद्धत मला जास्त आवडते, कारण तिच्यात गृहीतकं कमी आहेत. हलका पंप चालू ठेवून एका खोलीवर थोडंसंच पाणी तापवायचं आणि तो उबदार पट्टा वर सरकताना फायबरवर पाहायचा. वेळ आणि खोलीच्या चित्रात तो एक तिरकी रेघ काढतो, त्या रेघेचा उतार म्हणजेच वेग. १५० मिलिमीटरच्या बोअरमध्ये १ मीटर प्रतिमिनिट वेग म्हणजे मिनिटाला सुमारे १७.७ लिटर. वर सांगितलेल्या एक तृतीयांशासारख्या प्रमाणाचे लिटर करायला हा एकच आकडा पुरतो, फक्त पायरीही तोच पंप चालू असताना मोजलेली हवी. प्रवाह फार मंद असेल तर मात्र तापलेलं पाणी हलकं होऊन स्वतःच वर चढतं, आणि आपण आपल्याच उष्णतेने केलेला प्रवाह मोजत बसतो. पंप बंद करून तापवलेल्या खुल्या बोअरच्या मंद वेगांवर म्हणूनच विश्वास ठेवू नये.

आडव्या वेगासाठी लायनर. तो पायमोजा उलटवावा तसा आतून बाहेर वळत बोअरमध्ये उतरतो. आत भरलेल्या पाण्याची पातळी बाहेरच्या सगळ्या भेगांच्या दाबापेक्षा वर ठेवावी लागते, म्हणजे तो भिंतीला घट्ट चिकटतो. केबल लायनर आणि भिंत यांच्यामध्ये दाबून बसवा. लायनरच्या आत लोंबकळत ठेवली तर तिच्याभोवती पुन्हा पाण्याचा स्तंभ आहेच, आणि तो तापला की फिरायला लागतो. बसवल्यानंतर लगेच मोजू नका. इतके दिवस बोअरमधून वाहणाऱ्या पाण्याने भिंतीजवळचा खडक बदलून ठेवलाय, तो मूळ तापमानावर यायला हवा. न तापवता रोज नोंद घेत राहा आणि आलेख सरकायचा थांबला की पुढे जा.

तापवल्यावर काय दिसतं? पाणी वाहत नसेल तर केबलचं तापमान वेळेच्या लॉगरिदमच्या प्रमाणात वाढत राहतं, म्हणजे लॉगरिदमच्या अक्षावर सरळ रेघ येते. २० वॅट प्रतिमीटर दिले आणि खडकाची उष्णतावाहकता २.५ वॅट प्रतिमीटर प्रतिअंश असेल, तर वेळ दहापट झाला की तापमान सुमारे १.५ अंश वाढतं. १० मिनिटांपासून १०० मिनिटांपर्यंत जेवढी वाढ, तेवढीच १०० पासून १,००० मिनिटांपर्यंत. या उतारावरून खडकाची वाहकता थेट मिळते, म्हणून प्रवाह नसलेले भागही वाया जात नाहीत. पाणी वाहत असेल तर ते उष्णता घेऊन जातं, रेघ वाकते आणि हळूहळू सपाट होते. सुरुवातीची काही मिनिटं आकडेमोडीत घेऊ नका, त्यात केबलच्याच आवरणाची उष्णता असते.

किती वेळ, याचं उत्तर वेगावर अवलंबून आहे, आणि तेही वर्गाच्या प्रमाणात. खडकाचा उष्णता-विसरण गुणांक, म्हणजे त्यात उष्णता किती झपाट्याने पसरते त्याचं माप, दर सेकंदाला एका चौरस मीटरचा दशलक्षांश भाग, म्हणजे एक चौरस मिलिमीटर धरला आणि पाणी व खडकाच्या उष्णताधारकतेचं गुणोत्तर १.६७ धरलं, तर प्रवाह दिवसाला ८६ सेंटिमीटर असताना रेघ ठळक वाकायला साधारण ४ तास लागतात. दिवसाला २६ सेंटिमीटर असेल तर ४४ तास. आणि ८.६ सेंटिमीटर असेल तर १६ दिवसांहून जास्त. इथे ‘ठळक’ म्हणजे उतार मूळच्या ३७ टक्क्यांवर येणं. त्या वेळेच्या पाचव्या भागातच उतार १८ टक्क्यांनी घटलेला असतो, आणि नोंदी स्वच्छ असतील तर तेवढ्यावर अंदाज बांधता येतो. हे वेग म्हणजे एकूण छेदाच्या क्षेत्रफळावर वाटलेला प्रवाह. प्रत्यक्ष भेगेतलं पाणी याच्या कितीतरी पट वेगाने धावत असतं, कारण भेग त्या छेदाचा अगदी थोडा भाग व्यापते. दिवसभरात उष्णता खडकात सुमारे ६० सेंटिमीटर पसरते, म्हणून केबलला दिसते ती तेवढ्या परिसराची सरासरी, एकटी भेग नाही. दूषित पाणी पुढच्या विहिरीपर्यंत कधी पोहोचेल हे सांगायचं असेल तर भेगेच्या रुंदीचा अंदाज वेगळा हवा. या दोन वेगांची गल्लत अहवालांमध्ये सर्रास होते, आणि तिचे परिणाम लोकांच्या पिण्याच्या पाण्यावर होतात.

एकाच केबलने दिशा मिळत नाही हेही लक्षात ठेवा. केबल थंड झाली एवढंच कळतं, पाणी कोणत्या बाजूने आलं ते नाही. मऊ गाळाच्या जमिनीत एक तापवायची केबल आणि तिच्याभोवती काही मोजायच्या केबल थेट जमिनीत दाबून दिशा काढता येते. नेदरलँड्समध्ये असे प्रयोग झाले आहेत. कठीण खडकात तुम्हाला आजूबाजूच्या बोअरमधल्या पाणीपातळीवरूनच दिशा ठरवावी लागेल.

लायनरऐवजी केबल सिमेंट किंवा बेंटोनाइटमध्ये (पाण्याने फुगणाऱ्या चिकणमातीत) कायमची गाडण्याचा पर्यायही आहे. वर्षानुवर्षं एकाच जागी मोजायचं असेल तर तो चांगला. पण ५ सेंटिमीटर जाडीचा भराव असेल तर बाहेरच्या पाण्याची चाहूल लागायलाच ४० मिनिटांच्या आसपास जातात आणि मंद प्रवाहाची संवेदनशीलता कमी होते. शिवाय बोअर पुन्हा दुसऱ्या कामाला येत नाही.

वॅटचा हिशोब सोपा आहे. १५० मीटरला २० वॅट प्रतिमीटर म्हणजे ३ किलोवॅट, २३० व्होल्टवर १३ अँपिअर. तांब्याचा रोध दर अंशाला सुमारे ०.४ टक्के वाढतो. केबल १० अंश तापली की स्थिर व्होल्टेजवर शक्ती ४ टक्क्यांच्या आसपास घटते, आणि ही घट वाकलेल्या रेघेसारखी, म्हणजे प्रवाहासारखी दिसते. त्यामुळे शक्ती स्थिर ठेवणारा नियंत्रक घ्या आणि वॅटची नोंद तापमानाइतक्याच वारंवार करा. पाण्यात उतरलेली केबल आहे, अर्थ लीकेज ब्रेकरशिवाय (गळती होताच वीज तोडणाऱ्या स्विचशिवाय) वीज चालू करू नका. ड्रमवर उरलेल्या केबलमधून वीज सोडू नका, तिथे उष्णता बाहेर पडायला वाट नसते आणि आवरण वितळतं. पाणीपातळीच्या वर हवेत असलेला भागही पाण्यातल्या भागापेक्षा बराच जास्त तापतो. त्याच्यावर नजर ठेवूनच वॅट ठरवा. खुल्या बोअरमध्ये त्याचा एक फायदाही होतो. जिथे तापमान एकदम खाली येतं तीच पाणीपातळी, आणि खोलीची आणखी एक खूण त्यातून आयती मिळते.

तुमच्या बोअरसाठी मी असं करेन. आधी आहे त्याच नोंदी नीट कॅलिब्रेट करून ३५ ते ९० मीटरमधल्या पायऱ्या शोधेन आणि कॅमेऱ्यातल्या भेगांशी ताडून पाहीन. मग हलका पंप लावून उबदार पट्ट्याची एक चाचणी, म्हणजे उभ्या प्रवाहाचे लिटर मिळतील. त्यानंतर लायनर, तापमान स्थिर होईपर्यंत थांबणं, आणि किमान ४८ तास तापवणं. तापवणं बंद केल्यावर नोंद थांबवू नका, आणखी तितकाच वेळ चालू ठेवा. थंड होतानाच्या नोंदीत वीजपुरवठ्याची थरथर नसते, आणि तापतानाच्या नोंदीवरून काढलेला वेग तिच्यावरून काढलेल्या वेगाशी जुळला तरच तो अहवालात घाला.